अकस्मात मृत्यू, कोरोनर आणि शेजाऱ्यांची ज्युरी : इंग्लंडमधील जुन्या मृत्युचौकशीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरोनर म्हणजे नेमका कोण, आणि हे पद मुळात कशासाठी निर्माण झाले?

अकस्मात, संशयास्पद किंवा हिंसक मृत्यू कसा घडला याची ज्युरीच्या, म्हणजे शपथ घेतलेल्या पंचांच्या, साहाय्याने चौकशी करणारा अधिकारी म्हणजे कोरोनर. इंग्लंडमध्ये हे पद ११९४ मध्ये अस्तित्वात आले. पहिला रिचर्ड हा राजा धर्मयुद्धावरून परतताना कैदेत सापडला होता, आणि त्याच्या सुटकेसाठी मोजलेल्या प्रचंड खंडणीमुळे राज्याचा खजिना रिता झाला होता. राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या ह्यूबर्ट वॉल्टरच्या काळात, त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात, फिरत्या न्यायाधीशांसाठी जी कलमे काढण्यात आली त्यांपैकी एका कलमाने असे ठरवले, की प्रत्येक काउंटीतून (जिल्ह्यातून) तीन सरदार आणि एक कारकून निवडावा व त्यांनी राजमुकुटाच्या हक्काचे दावे सांभाळावेत. लॅटिनमध्ये ‘कोरोना’ म्हणजे मुकुट, आणि त्यावरूनच कोरोनर हे नाव पडले. म्हणजे प्रारंभी हा अधिकारी मृतांच्या न्यायासाठी नव्हे, तर राजाला येणे असलेल्या रकमांच्या नोंदी ठेवण्यासाठी नेमला गेला होता. काउंटीचा शेरीफ, म्हणजे तिथला राजाचा कारभारी, त्या रकमांतला वाटा परस्पर खिशात घालत असे, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणे हाही या नेमणुकीमागचा एक हेतू होता.

मृत्यूतून राजाला उत्पन्न कसे मिळत असे?

अनेक वाटांनी मिळत असे. खुनाबद्दल दोषी ठरलेल्याची जंगम मालमत्ता राजाकडे जमा होई. आत्महत्या हा गुन्हा मानला जात असल्याने आत्महत्या करणाऱ्याची जंगम मालमत्ताही त्याच वाटेने जाई. ज्या वस्तूमुळे अपघाती मृत्यू घडला ती वस्तू, किंवा तिची किंमत, राजाला द्यावी लागे. फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर आणखी एक दंड आला होता : मारला गेलेला माणूस इंग्रज होता असे गावकऱ्यांना सिद्ध करता आले नाही, तर तो नॉर्मन होता असे गृहीत धरून त्या संपूर्ण विभागावर सामूहिक दंड बसे. हा नियम १३४० मध्ये रद्द झाला. याशिवाय चौकशीच्या रीतीत गावाकडून काही चूक झाली, तर तिचाही वेगळा दंड होता.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवणे मला फार आवश्यक वाटते. आज आपण अशा चौकशीकडे मृताच्या कुटुंबाच्या हक्काच्या दृष्टीने पाहतो. तेराव्या शतकातल्या खेडुताच्या दृष्टीने मात्र कोरोनर येणे म्हणजे गावावर खर्च, खोळंबा आणि दंडाची भीती येणे होय. तरीही, शेजाऱ्यांना शपथेवर बोलावून ‘हा माणूस कसा मेला ते सांगा’ असे विचारण्याची जी सक्ती या व्यवस्थेत होती, तिच्यातूनच पुढे एक वेगळी ताकद उभी राहिली.

प्रेत सापडल्यावर गावाने काय करणे अपेक्षित होते?

ज्याला प्रेत प्रथम दिसे त्याने तत्काळ हाकाटी करायची असे. ती ऐकून शेजाऱ्यांनी धावून यायचे, संशयित पळत असेल तर त्याचा पाठलाग करायचा, आणि कोरोनरला निरोप धाडायचा. तो येईपर्यंत प्रेत हलवायचे नाही, पुरायचे नाही, आणि त्यावर पहारा ठेवायचा, असा दंडक होता. कोरोनरने पाहण्यापूर्वीच प्रेत पुरले गेले तर गावाला दंड होई. प्रथम पाहणाऱ्याला आणि जवळच्या चार घरांतल्या लोकांना पुढे न्यायाधीशांसमोर हजर राहण्याची हमी द्यावी लागे आणि त्यासाठी जामीन उभे करावे लागत. त्यांच्यावर संशय नसला तरी या कटकटीतून त्यांची सुटका नसे, त्यामुळे वाटेत पडलेले प्रेत पाहून न पाहिल्यासारखे करण्याचा मोह लोकांना किती होत असेल, याची कल्पना करता येते.

ज्युरीमध्ये कोण असत?

घटनास्थळाजवळच्या गावांतले पुरुष असत. मध्ययुगात सामान्यतः लगतच्या चार किंवा अधिक गावांना बोलावले जाई. १२६७ च्या एका कायद्यात असे नमूद आहे, की इतर चौकशांना बारा वर्षांवरील सगळे पुरुष आले नाहीत म्हणून गावाला दंड करू नये, परंतु माणसाच्या मृत्यूची चौकशी असेल तर मात्र त्या सर्वांनी यायलाच हवे. प्रत्यक्ष शपथ घेणाऱ्यांची संख्या किमान बारा असे, आणि निकालासाठी निदान बारा जणांचे एकमत लागे. बारापेक्षा जास्त पंच बसवण्याचे हेच कारण होते : एकदोघांचा विरोध असला तरी निकाल अडू नये.

या ज्युरीची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी, की तिच्यातले पंच घटनेपासून दूरचे किंवा अनभिज्ञ असावेत अशी अपेक्षाच नव्हती. उलट त्यांना आधीपासून माहिती असावी, मृताचा स्वभाव, त्याची भांडणे, त्याचे व्यसन, त्याच्या घरातली परिस्थिती त्यांना ठाऊक असावी, म्हणूनच त्यांना बोलावले जाई. त्यामुळे गावातला वैरभाव आणि गावातली करुणा, दोन्ही निकालात उतरत. स्त्रियांना या ज्युरीत स्थान नव्हते. त्या साक्ष देऊ शकत होत्या, आणि प्रेत सर्वप्रथम त्यांनाच सापडल्याच्या नोंदीही पुष्कळ आहेत, परंतु पंच म्हणून बसण्याचा हक्क त्यांना १९१९ च्या कायद्यानंतरच मिळाला.

‘प्रेत पाहणे’ या गोष्टीला इतके महत्त्व का होते?

कारण त्याशिवाय चौकशीला कायदेशीर आधारच नव्हता. चौकशी ‘प्रेताच्या दर्शनावर’ उभी आहे, असे प्रत्येक अहवालाच्या आरंभी लिहिले जाई. १२७६ च्या कायद्यात कोरोनरची कर्तव्ये सांगताना, जखमांची लांबी, रुंदी आणि खोली मोजावी, त्या शरीराच्या कोणत्या भागावर आहेत व कोणत्या हत्याराने झाल्या हे पाहावे, गळ्याभोवती दोरीचे वळ आहेत का ते तपासावे, अशा बारीक सूचना आहेत. प्रेत पुरले गेले असेल तर ते उकरून काढून पाहिले जाई. प्रेत समुद्रात वाहून गेले किंवा मिळालेच नाही, तर सामान्यतः चौकशीच होत नसे.

ही अट किती कडक होती, याचे कटू उदाहरण १८१९ चे आहे. त्या वर्षी १६ ऑगस्टला मँचेस्टरमधील सेंट पीटर्स मैदानावर मताधिकाराची मागणी करणाऱ्या सभेवर घोडदळ घालण्यात आले. वॉटर्लूच्या लढाईत लढलेला ओल्डहॅमचा जॉन लीस हा तरुण गिरणी कामगार त्यात जखमी झाला आणि ७ सप्टेंबरला मरण पावला. त्याची चौकशी पुष्कळ दिवस चालली, सैनिकांच्या वर्तनाविषयीच्या साक्षी नोंदल्या गेल्या, देशभरच्या वृत्तपत्रांनी त्या छापल्या, आणि मग कामकाज लांबवण्यात आले. अखेर वरिष्ठ न्यायालयाने ही चौकशी नियमबाह्य ठरवली, कारण कोरोनर आणि ज्युरी यांनी प्रेत एकाच वेळी एकत्र पाहिले नव्हते. त्या तरुणाच्या मृत्यूचा निकाल कधीच लागला नाही. जो नियम सत्य शोधण्यासाठी केला होता तोच सत्य दडपण्यासाठी वापरला गेला, हे वाचताना आजही संताप येतो.

डॉक्टरची तपासणी होत असे का?

अनेक शतके सक्तीने होत नसे. कोरोनर सरदार किंवा जमीनदार, पंच शेतकरी, लोहार, बेकर अशा व्यवसायांतले. त्यांनी डोळ्यांनी जे दिसेल ते पाहायचे आणि हातांनी मोजायचे. उघड जखम असेल तर हे पुरेसे ठरे. विषप्रयोग, हृदयविकार किंवा शरीराच्या आतला रक्तस्राव यांपुढे मात्र ते हतबल असत. अशा वेळी ‘ईश्वराच्या इच्छेने आलेला मृत्यू’ हा निकाल सोयीचा ठरे. खुनी जवळ आला की प्रेताच्या जखमेतून पुन्हा रक्त वाहू लागते, ही समजूतही सोळाव्या-सतराव्या शतकांपर्यंत इंग्लंडात दृढ होती आणि संशयिताला प्रेताला हात लावायला सांगण्याचे प्रकार घडत.

परिस्थिती पालटली ती १८३६ मध्ये. त्या वर्षीच्या कायद्याने कोरोनरला डॉक्टरची साक्ष सरकारी खर्चाने घेता येऊ लागली. नुसत्या साक्षीसाठी एक गिनी आणि शवविच्छेदन केल्यास दोन गिनी असे मानधन ठरले. डॉक्टरच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर दुसरा डॉक्टर बोलवा अशी मागणी करण्याचा अधिकार ज्युरीच्या बहुमताला मिळाला. जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञाने शरीरातले आर्सेनिक ओळखण्याची संवेदनशील चाचणी प्रसिद्ध केली तीही त्याच वर्षी.

चौकशी कुठे भरत असे?

मध्ययुगात प्रेताच्या जवळ, उघड्यावरच भरे. पुढे गावातल्या खानावळीत किंवा दारूच्या गुत्त्यात भरू लागली, कारण वीसपंचवीस माणसे बसतील एवढी खोली बहुधा तिथेच असे, आणि प्रेत मागच्या पडवीत किंवा तबेल्यात ठेवता येई. दुसरी योग्य जागा उपलब्ध असेल तर दारूच्या दुकानात चौकशी भरवू नये, असा कायदा १९०२ मध्ये झाला.

ज्युरी कोणकोणते निकाल देत असे?

खून, सदोष मनुष्यवध, स्वसंरक्षणार्थ वध, न्याय्य वध, अपघात, आत्महत्या, वेडाच्या भरात घेतलेला जीव, नैसर्गिक मृत्यू, आणि कारण ठरत नसेल तर खुला निकाल. बुडालेल्या अनोळखी प्रेताबाबत ‘बुडालेल्या अवस्थेत सापडले’ एवढेच लिहिले जाई. ज्युरीने एखाद्याला नाव घेऊन खुनी ठरवले, तर त्या निकालावरूनच त्याला थेट खटल्यासाठी पाठवता येत असे. निकालाची भाषा ठरीव असे. खुन्याबद्दल आणि आत्महत्या करणाऱ्याबद्दल, त्याने ‘डोळ्यांपुढे ईश्वराचे भय न ठेवता, सैतानाच्या चिथावणीने’ हे कृत्य केले, असे वाक्य येई. १७३३ पर्यंत हे सगळे लॅटिनमध्ये लिहिले जाई. शेजाऱ्यांनी इंग्रजीत सांगितलेल्या गोष्टी कारकुनाने लॅटिन साच्यात ओतलेल्या असल्यामुळे, मधूनच एखादा इंग्रजी शब्द तसाच राहून गेलेला दिसतो, आणि तिथे त्या माणसांचा आवाज ऐकू येतो.

एखाद्या प्रत्यक्ष चौकशीचे उदाहरण देता येईल का?

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नाटककार क्रिस्टोफर मार्लो याच्या मृत्यूचे आहे. ३० मे १५९३ रोजी लंडनजवळच्या डेप्टफर्ड येथे एलिनॉर बुल नावाच्या स्त्रीच्या घरी मार्लो आणि इतर तिघे जण दिवसभर एकत्र होते. तिथेच त्याचा मृत्यू झाला. पहिल्या एलिझाबेथ राणीचा मुक्काम बारा मैलांच्या आत असल्याने चौकशी काउंटीच्या कोरोनरने नव्हे, तर राजघराण्याचा कोरोनर विल्यम डॅनबी याने केली. १ जून रोजी सोळा पंचांनी प्रेत पाहिले, साक्षी ऐकल्या आणि निकाल दिला; त्याच दिवशी दफनही झाले.

अहवाल असे सांगतो, की रात्रीच्या जेवणानंतर बिलाच्या पैशांवरून मार्लो आणि इन्ग्रम फ्रायझर यांच्यात शब्दाला शब्द लागला. फ्रायझर उरलेल्या दोघा सोबत्यांच्या मध्ये बाकावर पाठमोरा बसला होता, आणि मार्लो मागच्या बिछान्यावर पडून होता. मार्लोने फ्रायझरच्या कमरेची कट्यार उपसून त्याच्या डोक्यावर दोन वार केले. झटापटीत तीच कट्यार मार्लोच्या उजव्या डोळ्याच्या वर दोन इंच खोल आणि एक इंच रुंद घुसली आणि तो जागीच गतप्राण झाला. कट्यारीची किंमत बारा पेन्स असल्याची नोंदही अहवालात आहे, कारण तिच्यावर राजघराण्याचा हक्क होता. ज्युरीने हा स्वसंरक्षणार्थ वध ठरवला आणि महिन्याभरातच फ्रायझरला राणीची माफी मिळाली.

हा कागद लेस्ली हॉटसन या अभ्यासकाने १९२५ मध्ये उजेडात आणला. तोपर्यंत सव्वातीनशे वर्षे मार्लोच्या मृत्यूविषयी निव्वळ दंतकथा चालत आल्या होत्या. मात्र कागद मिळाल्याने वाद मिटला नाही. घटनेच्या वेळी खोलीत असलेल्या तिघांचेच शब्द ज्युरीपुढे होते, आणि त्यांच्यापैकी रॉबर्ट पोली हा सरकारचा हेर म्हणून ओळखला जात असे. पंचांनी जखम मोजली ती अचूक असेल. जखमेमागची गोष्ट मात्र त्यांना सांगितली गेली तेवढीच कळली. या एका अहवालात त्या पद्धतीची ताकद आणि मर्यादा एकत्र दिसतात.

आत्महत्येच्या बाबतीत ज्युरी कशी वागत असे?

या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने द्यायला हवे, कारण शेजाऱ्यांच्या मनात काय चालले होते ते इथेच सर्वांत स्पष्ट दिसते. ज्युरीपुढे दोन पर्याय असत. शुद्धीवर असताना स्वतःला मारले असे ठरले, तर तो माणूस ‘स्वतःचा गुन्हेगार’ ठरे : त्याची जंगम मालमत्ता जप्त होई, त्याला ख्रिस्ती विधीने दफन नाकारले जाई, आणि अनेक ठिकाणी रात्रीच्या वेळी चौरस्त्यावर खड्डा खणून, देहातून लाकडी खुंटी ठोकून त्याला पुरले जाई. मन ठिकाणावर नव्हते असे ठरले, तर यातले काहीच होत नसे.

ट्यूडर घराण्याच्या राजवटीत (१४८५ ते १६०३) आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पहिला निकाल सर्रास दिला जाई. ही मालमत्ता राजाच्या दानाध्यक्षाकडे, म्हणजे राजाचा दानधर्म पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जात असे, आणि ती लपवणाऱ्या ज्युरींवर व नातलगांवर तो स्टार चेंबर या न्यायालयात दावे लावत असे. हे न्यायालय १६४१ मध्ये बंद झाले आणि तो धाक संपला. मग ज्युरींचा कल हळूहळू बदलत गेला. मागे राहिलेली विधवा आणि मुले त्याच गावात, पंचांच्या डोळ्यांसमोर राहणार होती. घरातली भांडी, गाय, विणकामाचा माग उचलून नेला तर त्यांनी खायचे काय, हा प्रश्न पंचांना टाळता येण्याजोगा नव्हता. काही ज्युरींनी मालमत्तेचे मोल अगदी नगण्य दाखवले, काहींनी ‘मालमत्ता नाही’ असेच लिहिले, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक निकाल मानसिक भ्रमाचेच येऊ लागले. कायद्याचे जाणकार याला खोटी शपथ म्हणत. माझ्या मते, कायदा न बदलता कायद्यातला क्रूरपणा निष्प्रभ करण्याचा तो सामान्य माणसांनी शोधलेला मार्ग होता.

कायदा त्यांच्या मागून, बऱ्याच उशिरा आला. १८२३ मध्ये चौरस्त्यावरचे दफन बंद झाले, तरी अशा माणसाला रात्री नऊ ते बाराच्या दरम्यान आणि धार्मिक विधींविना पुरावे असे बंधन राहिले. मालमत्तेची जप्ती १८७० मध्ये रद्द झाली. आत्महत्या हा गुन्हा राहिला नाही तो थेट १९६१ मध्ये.

अपघाताला कारणीभूत झालेली वस्तू जप्त होत असे, ती का?

मृत्यू घडवणारी वस्तू ईश्वराला अर्पण करावी, अशी त्यामागची जुनी कल्पना होती. तिला ‘डिओडँड’ म्हणत, म्हणजे ‘देवाला द्यायचे ते’. व्यवहारात ती किंमत राजाकडे, किंवा राजाने ज्या जहागीरदाराला हक्क दिला असेल त्याच्याकडे जाई. बैल, घोडा, गाडीचे चाक, होडी, पडलेले झाड, उकळत्या काढ्याचा हंडा अशा वस्तूंचे मोल ज्युरी ठरवत असे. इथेही पंच शेजाऱ्याची परिस्थिती पाहत : संपूर्ण गाडी न धरता फक्त चाक दोषी धरायचे, किंवा घोड्याची किंमत काही शिलिंगच लावायची.

एकोणिसाव्या शतकात आगगाड्या आल्या आणि हीच जुनी रीत अचानक धारदार बनली. २४ डिसेंबर १८४१ रोजी ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी सॉनिंग येथील खिंडीत घसरलेल्या दरडीवर आदळली आणि उघड्या डब्यांत बसलेले मजूर ठार झाले. ज्युरीने इंजिन आणि डब्यांवर १,००० पौंडांचा डिओडँड लावला. कंपन्यांना ही रीत बोचू लागली. १८४६ मध्ये संसदेने ती रद्द केली आणि त्याच वर्षी, दुसऱ्याच्या चुकीमुळे मरण पावलेल्याच्या कुटुंबाला भरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा केला.

कोरोनर आणि ज्युरी लाच घेत नसत का?

घेत असत, आणि त्याच्या तक्रारी मध्ययुगापासून आढळतात. कोरोनरला मुळात वेतन नव्हते. १४८७ च्या कायद्याने खुनाच्या प्रत्येक चौकशीमागे १३ शिलिंग ४ पेन्स ठरवले. १७५२ पासून प्रत्येक चौकशीला २० शिलिंग आणि प्रवासाचे मैलाला ९ पेन्स मिळू लागले. त्यामुळे दूरवरच्या खेड्यातही चौकशी करणे परवडू लागले. पण हे पैसे काउंटीचे न्यायाधीश मंजूर करत, आणि ‘ही चौकशी अनावश्यक होती’ असे म्हणून ते देणे नाकारत.

दबावाचा संशय सर्वांत जास्त घेतला गेला तो एमी रॉबसार्ट हिच्या प्रकरणात. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या मर्जीतल्या रॉबर्ट डडलीची ही पत्नी ८ सप्टेंबर १५६० रोजी कम्नर येथील घरात जिन्याच्या पायथ्याशी मृतावस्थेत सापडली. ज्युरीने अपघात ठरवला. हरवला असे मानला गेलेला तो अहवाल २००८ मध्ये ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात सापडला. मान मोडल्याबरोबरच डोक्यावर दोन जखमा असल्याचे त्यात लिहिले आहे : एक पाव इंच खोल, दुसरी दोन इंच खोल. जिन्यावरून पडून अशा जखमा होऊ शकतात आणि मारहाणीनेही. ज्युरीने जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे, म्हणूनच साडेचारशे वर्षांनी आपण त्यांच्या निकालाविषयी शंका घेऊ शकतो.

सत्ताधाऱ्यांच्या विरुद्ध ज्युरी कधी उभी राहिली का?

होय. १३ मे १८३३ रोजी लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स येथे एका राजकीय सभेवर पोलिसांनी लाठीहल्ला केला आणि झटापटीत रॉबर्ट कली हा शिपाई भोसकला जाऊन मेला. जवळच्या कॅलथॉर्प आर्म्स या खानावळीत सतरा जणांची ज्युरी बसली. जमाव पांगवण्यासाठीची कायदेशीर घोषणा वाचली गेली नव्हती आणि पोलिसांचे वर्तन क्रूर होते, म्हणून हा ‘न्याय्य वध’ आहे असा निकाल त्यांनी दिला. कोरोनरने पुन्हा विचार करण्यास सांगितले. ते हलले नाहीत. वरिष्ठ न्यायालयाने निकाल रद्द केला, पण लंडनकरांनी पंचांचा गौरव करून त्यांना स्मृतिचिन्हे दिली. मेलेला शिपाईही कुणाचा तरी मुलगा आणि पती होता, आणि त्याला कोणता न्याय मिळाला हा प्रश्न त्या जल्लोषात मागे पडला, हेही नोंदवायला हवे.

दुसरी घटना अधिक परिणामकारक ठरली. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक टॉमस वॅकली हे डॉक्टर १८३९ मध्ये वेस्ट मिडलसेक्सचे कोरोनर म्हणून निवडून आले. १८४६ च्या जूनमध्ये हाउन्स्लो येथील घोडदळाच्या तळावर फ्रेडरिक व्हाइट या शिपायाला चाबकाचे १५० फटके मारण्यात आले आणि ११ जुलैला तो वारला. लष्करी डॉक्टरांनी फटक्यांशी संबंध नसलेला आजार लिहिला, पण स्थानिक धर्मगुरूने संशय येऊन वॅकलींना कळवले. त्यांनी बाहेरच्या डॉक्टरकडून पाठीची तपासणी करवली. मृत्यू फटक्यांमुळेच झाला असा निकाल ज्युरीने दिला आणि ही शिक्षा बंद व्हावी अशी स्पष्ट मागणी जोडली. काही आठवड्यांतच फटक्यांची कमाल मर्यादा ५० वर आणली गेली.

नवजात बालकांच्या मृत्यूंचे काय?

ते ज्युरीपुढचे अत्यंत अवघड काम होते. १६२४ च्या कायद्यानुसार अविवाहित आईने मृत बालक लपवले, तर ते मृतच जन्मले होते हे तिने साक्षीदाराने सिद्ध करायचे. न जमल्यास तिला खुनी मानायचे. हा कायदा १८०३ पर्यंत टिकला. यात फाशी जाणाऱ्या बहुतेक घरकाम करणाऱ्या गरीब मुली होत्या.

ही पद्धत संपली केव्हा?

ती पूर्णपणे संपलेली नाही. १८८७ च्या कायद्याने ज्युरीची संख्या १२ ते २३ ठेवली. १९२६ मध्ये ती ७ ते ११ झाली, अनेक प्रकारच्या मृत्यूंत ज्युरीची गरज उरली नाही, ज्युरीने प्रेत पाहण्याची सक्ती गेली, आणि कोरोनर वकील किंवा डॉक्टर असावा अशी अट आली. नाव घेऊन कुणाला खुनी ठरवण्याचा ज्युरीचा अधिकार १९७७ मध्ये काढून घेण्यात आला.

मुंबईतही कोरोनर होता ना?

होय. १८७१ च्या कोरोनर कायद्याखाली मुंबई शहरात हे पद होते आणि तिथेही ज्युरी बोलावली जाई; १९९९ मध्ये राज्य सरकारने ते रद्द केले. शहराबाहेर मात्र रीत वेगळी होती. १८६७ च्या मुंबई इलाख्यातील ग्रामपोलीस कायद्याने अकस्मात मृत्यू झाल्यास गावातली दोन किंवा अधिक समंजस माणसे जमवून चौकशी करण्याचे काम पोलीस पाटलावर सोपवले होते. आज महाराष्ट्रात अकस्मात मृत्यूची नोंद झाल्यावर पोलीस परिसरातल्या दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर जो पंचनामा करतात, त्यात शेजाऱ्यांनी प्रेत पाहून सही करण्याचा भाग उरला आहे. फरक एवढाच आणि फार मोठा आहे, की पंच जखमा पाहतात, पण निकाल देत नाहीत.

या जुन्या नोंदी आज कुठे आहेत, आणि त्यांतून गुन्ह्यांखेरीज काय कळते?

मध्ययुगीन कोरोनरांच्या गुंडाळ्या आणि सोळाव्या शतकातले हजारो अहवाल लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नंतरचे कागद काउंटींच्या अभिलेखागारांत विखुरलेले आहेत. ऑक्सफर्डचे इतिहासकार स्टीव्हन गन यांच्या संशोधनामुळे ट्यूडर काळातल्या अपघातांचे चित्र आपल्यापुढे आले. त्यांत बुडून मरणारे सर्वाधिक आहेत : पाणी भरताना, कपडे धुताना, नदी ओलांडताना, दिवसभराच्या कामानंतर अंग धुताना. नेमबाजीच्या सरावात बाण गोळा करायला पुढे गेलेली माणसे आहेत, गाडीवरून पडलेले आहेत, विहीर खणताना गाडले गेलेले आहेत. राजेरजवाड्यांच्या बखरींत ज्यांना ओळभरही जागा मिळाली नाही, ती माणसे केवळ त्यांच्या मृत्यूमुळे इथे नावागावासह भेटतात.

त्यांतली एक नोंद १५६९ ची आहे. वूस्टरशरमधील अप्टन वॉरन इथे जेन शॅक्सपिअर नावाची अडीच वर्षांची मुलगी गिरणीच्या तळ्याकाठी पिवळी रानफुले तोडत असताना पाण्यात पडली आणि बुडाली. तिथून वीसेक मैलांवरच्या स्ट्रॅटफर्डमध्ये जवळजवळ तेच आडनाव लावणारा विल्यम तेव्हा पाच वर्षांचा होता. दोघांचे नाते होते का, हे कागद सांगत नाही. ज्युरीने मृत्यू अपघाती ठरवला. अहवाल लॅटिनमध्ये आहे, पण त्या फुलांचे नाव कारकुनाने लॅटिनमध्ये न घालता, शेजाऱ्यांनी ते ज्या शब्दांत सांगितले तसेच, ‘यलो बॉडल्स’ असे लिहून ठेवले आहे.